बाळागोळीपासून थेंबांच्या बाटलीपर्यंत

माझ्या भाचीचे बाळ सात आठवड्यांचे असताना मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास बाळ उठले. त्याला पाजून झाले, खांद्यावर घेऊन ढेकर काढून झाली, दुपटे बदलून झाले, तरी ते डोळे मिटेना. शेवटी भाचीने फ्रीजमधून एक छोटी तपकिरी बाटली काढली आणि ड्रॉपरने मोजून पाच थेंब बाळाच्या गालात सोडले. तिच्या सासूबाई तोवर स्वयंपाकघरात सहाण धुऊन जायफळ शोधत होत्या. ‘दोन वेढे उगाळून दिले की झोपेल गं, आमची सगळी अशीच झोपली,’ असे त्या आतून म्हणाल्या. दोघींचे भांडण नव्हते. दोघीही सात आठवडे नीट झोपलेल्या नव्हत्या आणि दोघींनाही बाळाने झोपावे एवढेच हवे होते. बाटलीच्या खोक्यावर गाढ झोपलेल्या बाळाचे चित्र होते. आतड्यातील मित्र-जीवाणू बाळाला शांत झोप देतात, अशा अर्थाचे वाक्य त्याखाली छापलेले होते.

त्या वाक्याने मला हा लेख लिहायला लावले. ते पूर्ण खोटे असते तर त्याचा प्रतिवाद सोपा होता. पण ते एका खऱ्या आणि अतिशय सुंदर संशोधनाच्या कडेवर बसून आलेले आहे, आणि त्या संशोधनातून जे निघत नाही तेच दमलेल्या आईला सांगते आहे. आतड्यातील जीवाणू आणि बाळाची झोप यांचा संबंध अभ्यासण्याजोगा आहे, यात मला शंका नाही. मात्र त्या संबंधाचा आधार घेऊन काही करायचे असेल, तर ते बाळाच्या तोंडात थेंब टाकून होणार नाही. ते बाळंतिणीच्या खोलीत, प्रसूतिगृहात आणि रजेच्या कायद्यात करावे लागेल, असे माझे मत आहे.

आधी मूळ विज्ञानाकडे पाहू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए यांना 1899-1900 च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दोन फाटे फुटलेले जीवाणू सापडले. आज आपण त्यांना बायफिडोबॅक्टेरियम म्हणतो. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल ज्या घन पदार्थांचे प्रमाण असते, त्या सुमारे दोनशे प्रकारच्या गुंतागुंतीच्या शर्करा बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. निसर्गाने आईच्या शरीराला एवढे कष्ट घ्यायला लावून बाळाच्या उपयोगी न पडणारे अन्न का तयार करावे, हे कोडे बरीच वर्षे होते. उत्तर असे मिळाले की ते अन्न बाळासाठी नसून बाळाच्या आतड्यातील या जीवाणूंसाठी आहे. विशेषतः बायफिडोबॅक्टेरियम लाँगमची ‘इन्फँटिस’ ही उपजात या शर्करा जवळजवळ संपूर्ण खाऊन टाकते, त्यातून अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट तयार करते, आतड्यातील आम्लता वाढवते आणि रोगजंतूंना तिथे पाय रोवू देत नाही. आई एकाच वेळी दोन जिवांना पाजत असते, आणि त्यातला दुसरा डोळ्यांना दिसतही नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा काही वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आतड्याचा मेंदूशी संबंध कसा येतो, याचेही काही दुवे सापडलेले आहेत. सेरोटोनिन हे मज्जातंतूंमध्ये संदेश नेणारे, झोपेशीही संबंध असलेले रसायन. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, आणि विशिष्ट जीवाणू त्याची निर्मिती वाढवतात असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस ही मज्जातंतूंची वाट आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना ब्युटिरेट देणारे द्रव्य तोंडावाटे दिल्यावर पुढच्या काही तासांत त्यांची गाढ झोप जवळपास निम्म्याने वाढली. हे ब्युटिरेट आतड्यातील जीवाणूच तयार करतात. जाहिरात लिहिणाऱ्याला एवढे पुरते. पण आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. आणि अंगावर पिणाऱ्या लहान बाळाच्या आतड्यात ब्युटिरेट फारच कमी असते. तिथे अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट यांचे राज्य असते, ब्युटिरेट बनवणारे जीवाणू मुख्यतः वरचे अन्न सुरू झाल्यावर वाढतात. प्रौढ उंदराच्या झोपेवरून दोन महिन्यांच्या बाळाच्या झोपेपर्यंत जायला जो पूल लागतो, त्याच्या मधल्या फळ्याच बसवलेल्या नाहीत.

खुद्द बाळांवर झालेला जो अभ्यास या विषयात वारंवार पुढे केला जातो, तो स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर विद्यापीठाच्या सालोमे कुर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी 162 निरोगी बाळांचा तीन, सहा आणि बारा महिन्यांच्या वयात मागोवा घेतला. बाळांच्या हालचाली यंत्राने मोजल्या, पालकांकडून झोपेच्या नोंदी लिहून घेतल्या आणि शीचे नमुने तपासले. दिवसाच्या झोपेचा जीवाणूंच्या विविधतेशी संबंध दिसला, तर रात्रीची झोप किती तुकड्यातुकड्यांची आणि अनियमित आहे याचा जीवाणूंच्या परिपक्वतेशी आणि त्यांच्या वस्तीच्या प्रकाराशी संबंध दिसला. अभ्यास मोलाचा आहे, आणि संशोधकांनी ‘संबंध’ हाच शब्द जपून वापरलेला आहे. झोप जीवाणू बदलते, की जीवाणू झोप बदलतात, की बाळ काय पिते, केव्हा पिते आणि त्याचा मेंदू किती वाढला आहे या गोष्टी दोन्हींना एकाच वेळी घडवतात, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही. बाजाराने मात्र त्या ‘संबंधा’चे ‘कारण’ केले, आणि कारणाचे औषध.

यातली सर्वांत मोठी विसंगती तर पाळण्याजवळ बसलेल्या कोणत्याही आजीला समजेल. ज्या बाळाच्या आतड्यात पाठ्यपुस्तकात दाखवावेत असे बायफिडोबॅक्टेरिया भरलेले असतात, ते बहुतेक वेळा निव्वळ अंगावर पिणारे बाळ असते, आणि निव्वळ अंगावर पिणारे बाळ रात्री जास्त वेळा उठते. आईचे दूध लवकर पचते, पोट छोटे असते, भूक लागते, ते उठते. म्हणजे ‘चांगले जीवाणू’ आणि ‘सलग झोप’ या दोन गोष्टी लहान वयात हातात हात घालून चालत नाहीत. तीच गोष्ट विविधतेची. मोठ्या माणसाच्या आतड्यात जीवाणूंची विविधता असणे चांगले मानतात, म्हणून बाळांच्या उत्पादनांवरही हा शब्द येऊ लागला आहे. परंतु अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात विविधता कमी असणे, एकाच कुळाचा पगडा असणे, हेच त्या वयाला साजेसे असते. विविधता पुढे वरण-भात, पोळी, भाज्या, मातीत खेळणे यांच्याबरोबर आपली आपण येते.

बाळाने रात्री उठणे हा आजार आहे, हे आपण कधी ठरवले? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला चोवीस तासांत 14 ते 17 तास आणि 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला 12 ते 16 तास झोप हवी, आणि ती दिवसाची-रात्रीची मिळून मोजायची आहे. जन्मल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने बाळाच्या शरीरातले दिवस-रात्रीचे घड्याळ लागलेलेच नसते. कॅनडातल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी 38 टक्के बाळे सलग सहा तासही झोपत नव्हती, वर्षाच्या बाळांमध्येही हे प्रमाण 28 टक्के होते. या बाळांच्या बौद्धिक किंवा शारीरिक विकासात सलग झोपणाऱ्या बाळांच्या तुलनेत काही उणे आढळले नाही. म्हणजे सहा महिन्यांच्या दर पाच बाळांपैकी जवळजवळ दोन बाळे आपल्या घरातल्यासारखीच रात्र डोक्यावर घेत असतात. हे आकडे भाचीला आधी कुणी सांगितले असते, तर तिने ती बाटली घेतली असती का, हा प्रश्न मला अजून सतावतो. तिला डॉक्टरांनी सांगितले नाही, कारण बाह्यरुग्ण विभागात तिच्या मागे तीस जणी उभ्या होत्या. चिठ्ठीवर एक नाव लिहायला मात्र अर्धा मिनिट पुरतो.

जीवाणूंचा औषध म्हणून काहीच उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोटात कळ येऊन संध्याकाळी तासन्‌तास रडणाऱ्या बाळांवर लॅक्टोबॅसिलस रॉयटरी या जीवाणूच्या एका विशिष्ट वाणाचे, म्हणजे त्या जातीतल्या एका पोटप्रकाराचे, प्रयोग झाले. इटलीतल्या अभ्यासांत फायदा दिसला. 2014 मध्ये मेलबर्नमध्ये 167 बाळांवर झालेल्या अभ्यासात फायदा दिसला नाही, उलट वरचे दूध पिणारी बाळे थोडी जास्तच किरकिरी राहिली. 2018 मध्ये चार अभ्यासांतील 345 बाळांची माहिती एकत्र करून पाहिल्यावर असे दिसले की अंगावर पिणाऱ्या बाळांचे रडणे या वाणाने कमी होते, वरचे दूध पिणाऱ्यांबद्दल मात्र तसे सांगता येत नाही. एक वाण, एक तक्रार, बाळांचा एक गट, असा हा निष्कर्ष आहे. आणि तक्रारही रडण्याची आहे, झोपेची नव्हे. दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4,556 नवजात बाळांवर प्रयोग केला. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरमचा एक वाण आणि त्याला खाद्य म्हणून एक शर्करा दिल्यावर, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्यांची दखल घेतली गेली. कोणता वाण, किती दिवस, कोणत्या बाळांना, कशासाठी, हे सगळे आधी ठरवून, निम्म्या बाळांना निरुपद्रवी भुकटी देऊन, हजारो घरांत पाठपुरावा करून मिळालेले हे उत्तर आहे. याच्या शेजारी ‘शांत झोप’ असे छापलेले खोके ठेवून पाहावे, म्हणजे विज्ञान आणि विक्री यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसेल.

‘निदान अपाय तर नाही ना?’ असे बहुतेकजण विचारतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला बहुधा नाही. पण ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की अकाली जन्मलेल्या बाळांना जिवंत जीवाणूंची उत्पादने दिल्यावर तेच जीवाणू रक्तात शिरून गंभीर, प्रसंगी प्राणघातक संसर्ग होऊ शकतो. आपल्याकडे अकाली जन्मलेली, कमी वजनाची बाळे थोडी नाहीत, आणि दुकानात बाटली मागणाऱ्याला बाळ किती दिवसांचे, किती वजनाचे, हे कुणी विचारत नाही.

सासूबाईंच्या सहाणेबद्दलही तितक्याच सरळपणे बोलले पाहिजे, कारण जुने ते सारे चांगले असे मानून नव्या बाटलीला विरोध करण्यात मला रस नाही. बाळगुटीतले हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा यांमागे पिढ्यांची माया आहे, हे मी नाकारत नाही. पण सहाणेवर किती वेढे घेतले यावर जायफळाची मात्रा ठरते, वेढ्याचा जोर प्रत्येक हाताचा वेगळा असतो, आणि जायफळ जास्त झाले तर ते गुंगी आणते, विषारीही ठरते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज, डॉक्टरांनी सांगितलेले औषध वगळता, काहीही देऊ नये, हा नियम गुटीलाही लागू होतो. नवजात बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची आपल्याकडची चाल तर या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातली जीवाणूंची भरगच्च वस्ती त्यांना रुजू देत नाही. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात हा आजार ओळखला गेला. वर्षाच्या आत मध देऊ नये, हे आतड्यातील जीवाणूंच्या विज्ञानाने दिलेले पक्के, बिनखर्चाचे मार्गदर्शन आहे, आणि तेच कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही.

बाळाला झोपवण्याचे औषध आपल्या समाजाला नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत बायका दहा-दहा तास साच्यांवर उभ्या राहत, तेव्हा घरी किंवा गिरणीच्या आवारात ठेवलेल्या तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवले जाई. तिचे नाव होते बाळागोळी. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने गिरणीतल्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स नावाच्या एका स्त्री-डॉक्टरला नेमले, तेव्हा या स्त्रियांच्या बहुतेक सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. त्या आयांना मुलांची माया नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. भोंगा वाजला की निघावे लागे, दूध पाजायला सुटी नव्हती, चाळीतल्या एका खोलीत मूल सांभाळायला कुणी नव्हते. इंग्लंडातल्या गोष्टीही वेगळ्या नव्हत्या. नॉटिंगहॅममध्ये 1851 पासून विकल्या जाऊ लागलेल्या आणि पुढे आपल्या घराघरांत पोचलेल्या ग्राईप वॉटरमध्ये कित्येक दशके मद्यार्क होता.

बाळागोळी मागे पडली ती अधिक चांगल्या गोळीमुळे नव्हे. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळाची झोप हा आईच्या कामाच्या तासांचा प्रश्न आहे, हे त्या सभागृहाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मान्य केले होते. आजच्या थेंबांची अफूशी तुलना करणे अन्यायाचे होईल आणि मी ती करत नाही. साम्य आहे ते गरजेत. आईला झोप हवी आहे, आणि ती देण्याऐवजी बाळाला काहीतरी द्यायला आपण तिला शिकवतो.

जीवाणूंचे संशोधन आपण मनापासून घेतले, तर ते कोणत्या दिशेला जाते ते पाहावे. इंग्लंडमध्ये 596 बाळांच्या शीचे 1,679 नमुने तपासून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यात आईकडून येणारे काही जीवाणू, विशेषतः बॅक्टेरॉइड्स, कमी होते, आणि इस्पितळात आढळणारे संधिसाधू जीवाणू जास्त होते. बराचसा फरक वर्षभरात भरून निघतो, म्हणून सिझेरियन झालेल्या कोणत्याही आईने यावरून स्वतःला बोल लावून घेऊ नये. शस्त्रक्रियेची गरज असते तेव्हा ती आई आणि बाळ दोघांचे प्राण वाचवते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत भारतातल्या सरकारी संस्थांमध्ये 14.3 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या आणि खासगी संस्थांमध्ये 47.4 टक्के. गुंतागुंतीच्या काही केसेस खासगीकडे जात असतील, हे धरूनही तिपटीहून अधिक फरकाचे समर्थन निव्वळ वैद्यकीय गरजेने होत नाही. माझी भाची यातल्याच एका खासगी प्रसूतिगृहात होती. बाळ तिच्या छातीशी आले ते जन्मानंतर सहा तासांनी. तोवर त्याला वरचे दूध पाजले गेले होते, आणि चीक कधी द्यायचा हे तिला सांगायला कुणी आले नव्हते. त्याच पाहणीनुसार देशातल्या 41.8 टक्के मुलांनाच पहिल्या तासात अंगावर घेतले जाते. ज्या पहिल्या तासात आईच्या कातडीवरचे आणि दुधातले जीवाणू बाळाला फुकट मिळतात, तो तास गमवायचा आणि सात आठवड्यांनी त्याच जीवाणूंचे कुठलेसे लांबचे नातेवाईक बाटलीतून विकत आणायचे, ही व्यवस्था मला सहन होत नाही.

हे बदलता येते, याचा दाखला मुंबईतच आहे. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बाळांच्या विभागात आईच्या दुधाचा आग्रह धरला आणि 1989 मध्ये तिथे आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. ज्यांच्या आईला दूध येत नाही किंवा ज्यांची आई आजारी आहे, त्या कमी वजनाच्या बाळांना दुसऱ्या आयांचे निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. गर्दीने ओसंडणाऱ्या सार्वजनिक इस्पितळात, परळ-धारावीच्या बायकांच्या दुधावर हे उभे राहिले. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दूध पेढी आणि प्रत्येक प्रसूतिगृहात पाजण्याविषयी सल्ला देणारी प्रशिक्षित व्यक्ती, हा खर्च थेंबांवर होणाऱ्या खर्चापेक्षा फार अधिक ठरेल असे मला वाटत नाही. आणि समजा अधिक ठरला, तरी तो योग्य जागी पडेल.

रजेचे काय? 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती मोठी गोष्ट आहे. पण ती मिळते संघटित क्षेत्रात, नोकरीचा कागद हातात असलेल्या स्त्रियांना. बीडमधून उसाच्या फडावर जाणारी बाई बाळंत होऊन काही दिवसांतच पहाटे कोयता हातात घेते, कोपीत पाळणा म्हणून साडीची झोळी बांधते. पुण्या-मुंबईत धुणीभांडी करणारी बाई रजा मागितली तर काम गमावते. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेतून मिळणारे पाच हजार रुपये सहा महिने घरी राहायला पुरत नाहीत, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. रात्री तीनदा उठणाऱ्या बाळाची आई दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कामावर असेल, तर बाळाचे उठणे तिच्या दृष्टीने संकटच आहे, आणि संकटातल्या माणसाला कुणीही काहीही विकू शकते. माझ्या भाचीला रजा होती. तिला नव्हता तो तिच्याबरोबर रात्री उठणारा माणूस. तिच्या नवऱ्याला बाराव्या दिवशी कामावर जावे लागले. खासगी नोकरीतल्या बापाला रजेचा हक्कच आपल्या कायद्याने दिलेला नाही. बाप रात्री एकदा बाळ खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागला तर आईला सलग चार तास मिळतात, आणि कोणत्याही जीवाणूपेक्षा त्या चार तासांचा परिणाम घरात दुसऱ्याच दिवशी दिसतो. चौथ्या रात्री आम्ही तेच केले. पाजून झाल्यावर बाळ माझ्याकडे, आणि भाची दार लावून आतल्या खोलीत. बाळ त्या रात्रीही चार वेळा उठले.

कायद्यात करण्याजोगी एक गोष्ट तर हाताशी आहे. बाळाचे पर्यायी दूध, दुधाच्या बाटल्या आणि बालआहार यांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा आपल्याकडे 1992 पासून आहे, 2003 मध्ये तो अधिक कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा अन्नाच्या जाहिरातीवर त्यात बंदी आहे. डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही, डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत. जीवाणूंचे थेंब हे पर्यायी दूध नाही आणि त्या कायद्याच्या व्याख्येतला बालआहारही नाही, म्हणून ते या चौकटीबाहेर राहतात, आणि म्हणूनच त्यांच्या खोक्यावर झोपलेले बाळ दिसते. दोन वर्षांखालील मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पूरक पदार्थाला हा कायदा लागू करावा. झोप, रडणे, बुद्धी यांविषयीचा कोणताही दावा त्या विशिष्ट वाणाची, त्या वयाच्या बाळांवरची चाचणी दाखवल्याशिवाय छापू देऊ नये. आणि अकाली जन्मलेल्या बाळांसाठीचा इशारा खोक्याच्या दर्शनी बाजूला, मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत असावा. ज्या वाणांनी ओडिशासारखी परीक्षा दिली आहे, त्यांची यामुळे काहीच अडचण होणार नाही. ते सरकारी यंत्रणेतून, आशाताईंच्या हातून, ज्या बाळांना खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत मोफत पोचवावेत.